घरचा हेडफोन अँप आणि व्हॉल्व्हचा बफर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

हेडफोन अँप (अँप्लिफायर) आणि व्हॉल्व्ह बफर (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, सिग्नल न वाढवता पुढे पोचवणारा टप्पा) यांवरची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरे देताना तुमच्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे असे धरले आहे. तो नसेल तर अँपचे सामान घेण्याआधी मीटर घ्या. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराला तो लागणार आहे.

प्रश्न : चू मॉय यांच्या साध्या सर्किटचा ९ व्होल्ट बॅटरीवरचा अँप मी झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या फळीवर) जोडला. आवाज स्वच्छ आहे, पण नॉब जरासा फिरवला की एकदम मोठा होतो. अगदी बारीक ठेवला तर डाव्या कानात जास्त आणि उजव्यात कमी येतो. पॉट (नॉबखालचा व्हॉल्यूम कंट्रोल) बदलला तरी तेच. हेडफोन ३२ ओहमचा आहे. (सांगली)

पॉटचा दोष नाही. तुमच्या अँपचा गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा, गरजेपेक्षा फार जास्त आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या या सर्किटची जी आवृत्ती सगळीकडे फिरते, तिच्यात फीडबॅकला (आउटपुटकडून परत इनपुटकडे) १० के, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टन्स, आणि ग्राउंडकडे १ के असतो. म्हणजे गेन ११. तेव्हाच्या पोर्टेबल प्लेअरच्या क्षीण आउटपुटला तो चालून जाई. आजचा मोबाइल किंवा लॅपटॉप अर्धा ते एक व्होल्ट सहज देतो.

हिशेब करून बघा. ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलीवॉट द्यायला जेमतेम ०.१८ व्होल्ट लागतात. हेडफोनची संवेदनशीलता मिलीवॉटला १०० डेसिबल धरली, तर ११० डेसिबलसाठी १० मिलीवॉट, म्हणजे ०.५७ व्होल्ट. एवढ्या आवाजात कोणी फार वेळ ऐकूही नये. तुमचा अँप मात्र अर्ध्या व्होल्टचे साडेपाच करायला निघतो, आणि बॅटरीत तेवढे नसतातच. त्यामुळे नॉब कायम पहिल्या पाव फेरीत अडकून राहतो. लॉग पॉटचे डावा-उजवा असे दोन ट्रॅक एकमेकांशी सगळ्यात कमी जुळतात ते नेमके तिथे. डाव्या-उजव्याचा फरक त्यातून येतो.

दोन्ही बाजूंचे १० के काढून तिथे २.२ के लावा. गेन ३.२ होईल आणि नॉब मधोमध येईल. अँपमधली आयसी ओपीए २१३४ काय किंवा एनई ५५३२ काय, इतक्या कमी गेनला दोन्ही स्थिर राहतात. फक्त एनई ५५३४ ही एकेरी आयसी तीनच्या खालच्या गेनला जादा कंडेन्सरशिवाय वापरू नका.

बॅटरीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. आयसी ८ मिलीअँपिअर, बॅटरी दुभागून मधले ग्राउंड करणारी ४.७ के ची जोडी १ मिलीअँपिअर, एलईडी १ मिलीअँपिअर (त्याला ४७० ओहम नको, १० के लावा, पुरेसा दिसतो) आणि वर संगीताचे काही. अल्कलाइन बॅटरी तीसएक तास जाते, रिचार्जेबल साधारण निम्मे. रिचार्जेबल घेताना नाव ‘९ व्होल्ट’ असले तरी आत ७ सेल आहेत की ६ ते बघा. सात सेलची ८.४ व्होल्ट देते, सहाची ७.२. सहा सेलवर २५० ओहमचा हेडफोन नीट चालत नाही, मोठ्या आवाजात तबल्याची थाप चिरकते.

दोन बॅटऱ्या जोडून मधला बिंदू ग्राउंड करण्याचा मार्ग चांगला आहे. मग दुभाजक लागत नाही. पण स्विच डबल पोलचाच हवा. एक बॅटरी सुटली किंवा तिची क्लिप ढिली झाली, की आउटपुटवर अख्खा डीसी येतो आणि हेडफोनची कॉइल जळते.

प्रश्न : बॅटरीऐवजी यूएसबीच्या ५ व्होल्टचे १२ करणारे बूस्ट मॉड्यूल लावले. पॉवर बँकेवर अँप उत्तम चालतो. लॅपटॉपच्या यूएसबीवर लावून गाणे त्याच लॅपटॉपवरून दिले की आवाज फाटतो आणि आयसी तापते. मॉड्यूल खराब आहे का? (ठाणे)

मॉड्यूल ठीक आहे. ताबडतोब प्लग काढा, कारण दुखणे हेडफोनला महागात पडणारे आहे.

तुमच्या अँपमधले ग्राउंड खरे ग्राउंड नाही. १२ व्होल्ट दुभागून मध्ये उभा केलेला तो बिंदू आहे, बॅटरीच्या किंवा मॉड्यूलच्या ऋण टोकापेक्षा ६ व्होल्ट वर. लॅपटॉपमध्ये मात्र यूएसबीचे ऋण टोक आणि ऑडिओ जॅकचे ग्राउंड आतून एकच असते. ऑडिओ केबल लावली की तुमचे मधले ग्राउंड थेट ऋण टोकाला शॉर्ट होते. एका बाजूच्या कंडेन्सरवर १२ व्होल्ट, दुसऱ्यावर शून्य. आयसीला खाली सरकायला जागाच उरत नाही. पॉवर बँक सगळ्यापासून सुटी असल्याने तिथे हे घडत नाही.

उपाय तीन. पॉवर बँकच वापरा. किंवा आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल लावा, ज्यात आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोन बाजूंची ग्राउंडे वेगळी राहतात. त्याच्या पुढे १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घाला, नाहीतर बारीक शीळ ऐकू येईल. किंवा ग्राउंड न दुभागता इनपुट-आउटपुटला कंडेन्सर लावून अँप एका सप्लायवर चालवा. त्यासाठी आउटपुटला प्रत्येकी ४७० मायक्रोफॅरड लागतील, म्हणजे ३२ ओहमवर ११ हर्ट्झपर्यंत बास पोचेल.

हाच घोटाळा धातूच्या डबीतही होतो. डीसी सॉकेटचे बाहेरचे कडे म्हणजे ऋण, हेडफोन जॅकची बाही (बाहेरचा धातूचा भाग) म्हणजे मधले ग्राउंड, आणि दोन्ही डबीच्या पत्र्याला टेकलेली. प्लॅस्टिकच्या कडीचे जॅक वापरा. सप्लाय देण्याआधी डीसी सॉकेटच्या ऋणापासून जॅकच्या बाहीपर्यंत ओहम मोजा. काही ओहमच आले तर कुठेतरी पत्रा टेकला आहे. काही किलोओहम आले तर वायरिंग बरोबर आहे.

प्रश्न : ओपीए २१३४ ऑनलाइन मागवली. आवाजात एनई ५५३२ पेक्षा फरक कळत नाही. आयसी बनावट आहे हे घरी कसे ओळखावे? आणि आउटपुटवर डीसी किती चालतो? (नागपूर)

आधी एक गोष्ट. फरक कळला नाही म्हणून आयसी बनावट ठरत नाही. चांगल्या बांधलेल्या सर्किटमध्ये या दोन आयसी कानाने ओळखणे अवघडच असते. आयसी बदलत बसण्याच्या छंदात पुष्कळांचा पैसा जातो, आणि त्यातला बराचसा सप्लायवर खर्च व्हायला हवा होता, असे आमचे मत.

बनावट मात्र बाजारात खूप आहेत. स्वस्त आयसीवरचे नाव घासून वर नवे छापलेले असते. मीटरने दोन तपासण्या करा.

पहिली, करंट. हेडफोन न लावता सप्लायच्या वायरमध्ये मीटर मिलीअँपिअरवर ठेवा आणि आयसी बेसमधून (सॉकेटमधून) काढून व घालून फरक घ्या. ओपीए २१३४ मधले दोन्ही अँप मिळून साधारण ८ मिलीअँपिअर घेतात, १० पर्यंत ठीक. ३ च्या आसपास आले तर वर काहीही छापलेले असो, आत बहुधा टीएल ०७२ किंवा ४५५८ आहे.

दुसरी, इनपुटचा करंट. एनई ५५३२ सुद्धा ८ मिलीअँपिअरच घेते, म्हणून पहिल्या तपासणीत ती निसटते. इनपुट कंडेन्सरनंतर ग्राउंडकडे जाणाऱ्या १०० के रेझिस्टन्सवर मिलीव्होल्ट मोजा. ओपीए २१३४ च्या आत इनपुटला फेट (जवळजवळ करंट न घेणारे ट्रान्झिस्टर) असतात, त्यामुळे तिथे शून्यच दिसायला हवे. १० ते २० मिलीव्होल्ट दिसले तर आत एनई ५५३२ सारखी बायपोलर आयसी (साध्या ट्रान्झिस्टरची) आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. एनई ५५३२ चा इनपुट करंट साधारण २०० नॅनोअँपिअर. १०० के मधून तो गेला की २० मिलीव्होल्ट. गेन ११ असेल तर आउटपुटला २२०, गेन ३ असेल तर ६० मिलीव्होल्ट. आउटपुटला २० मिलीव्होल्टच्या आत असावे, ५० च्या वर गेले तर हेडफोन लावू नये. म्हणून एनई ५५३२ वापरायचीच असेल तर १०० के च्या जागी २२ के घाला आणि इनपुट कंडेन्सर ०.१ वरून ०.४७ मायक्रोफॅरड करा, म्हणजे बास कापला जाणार नाही. सोबत ग्राउंडकडच्या १ के ला मालिकेत १०० मायक्रोफॅरड टाकला, की डीसीसाठी गेन एकच उरतो आणि आउटपुटचा डीसी तिसऱ्या हिश्श्यावर येतो. इनपुट कंडेन्सर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो नसला की हा करंट पॉटमधून वाहतो, नॉब फिरवताना डीसी बदलतो आणि नवा पॉटही खरखरतो.

करंट ३०-४० मिलीअँपिअर निघाला आणि आयसी हाताला गरम लागली, तर ती बनावट नसून ऑसिलेट होत (आपोआप आंदोलने करत) असण्याची शक्यता जास्त. ८ आणि ४ या पिनांमध्ये, बेसच्या अगदी खाली, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आहे का पाहा. दोन इंच लांब लावलेला असला तर नसल्यात जमा. आउटपुटला मालिकेत ४.७ ओहम घातला तर लांब केबलचा त्रासही जातो.

प्रश्न : ईसीसी ८२ चा बफर जोडला आणि हेडफोन थेट त्याच्या आउटपुटला लावला. आवाज क्षीण, बास अजिबात नाही. गाणे टेलिफोनवर ऐकल्यासारखे वाटते. (कोल्हापूर)

बफर चांगला असेल. चूक त्याला दिलेल्या कामात आहे. बफर व्होल्टेज वाढवत नाही, गेन साधारण ०.९ असतो. पॉवरही तो देत नाही. तुमच्या सोर्सवर भार पडू न देता सिग्नल पुढच्या अँपकडे पोचवणे, एवढेच त्याचे काम.

तुमच्या बफरच्या सर्किटला कॅथोड फॉलोअर म्हणतात, कारण आउटपुट कॅथोडवरून घेतात. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आतला अडथळा) ढोबळमानाने १ भागिले जीएम (ग्रिडवरच्या एका व्होल्टमागे बदलणारा करंट). ईसीसी ८२ चा जीएम २.२ मिलीअँपिअर प्रति व्होल्ट, म्हणजे इम्पीडन्स सुमारे ४५० ओहम. पुढे ३२ ओहम लावला की सिग्नलचा पंधरावा हिस्सा हेडफोनला मिळतो, बाकीचा व्हॉल्व्हमध्येच राहतो. बासचे कारण निराळे. बफरच्या आउटपुटला बहुधा २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल. पुढे १० के चा अँप असला तर तो ७ हर्ट्झपर्यंत उतरतो. ३२ ओहमवर मात्र, व्हॉल्व्हचे ४५० ओहम धरूनही, १५० हर्ट्झच्या खालचे सगळे घसरते, म्हणजे बास जवळजवळ जातोच.

कंडेन्सर ४७० करून भागणार नाही. व्हॉल्व्हमधून ४ मिलीअँपिअर वाहत असतील तर त्याहून जास्त तो देऊच शकत नाही. ३२ ओहमवर ही पाव मिलीवॉटची मर्यादा झाली, पुढे सिग्नल कापला जातो. ईसीसी ८८ चा जीएम १२.५ आहे, इम्पीडन्स ८० ओहमवर येतो, तरी करंटची अडचण राहतेच.

व्हॉल्व्ह पुढे आणि आयसी किंवा मॉसफेट मागे, हा रस्ता. तुमच्या बफरनंतर वर सांगितलेला ३ गेनचा अँप लावा, काम झाले. मोठा करंट हवा असेल तर एनजेएम ४५५६ए घ्या. ती ७० मिलीअँपिअर देते, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ओ-टू या अँपमध्ये तिचे दोन भाग १-१ ओहममधून समांतर जोडून वापरले आहेत. एकाच फळीवर दोन्ही हवे असतील तर पीट मिलेट यांचा ‘स्टार्व्हिंग स्टुडंट’ अभ्यासण्यासारखा आहे : १९जे६ व्हॉल्व्ह, आयआरएफ ५१० मॉसफेट आणि ४८ व्होल्टचा सप्लाय.

प्रश्न : चिनी किटमध्ये व्हॉल्व्हला फार तर तीसेक व्होल्ट मिळतात असे वाचले. ईसीसी ८२ चा बफर नीट व्होल्टेजवर बांधायचा आहे, पण खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेण्याची तयारी नाही. बाजारात मिळणाऱ्या सामानात जमेल का? (पुणे)

जमेल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या दोन साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होते. पण आधी सावधगिरी. यात १४० व्होल्ट डीसी तयार होतात. ते जीव घेऊ शकतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. मेन्सची वायरिंग कधीच केली नसेल तर हे पहिले प्रोजेक्ट करू नका.

पहिला ट्रान्सफॉर्मर ०-१२, १ अँपिअर. दुसरा १२-०-१२, ५०० मिलीअँपिअर, तो उलटा लावायचा. पहिल्याचे १२ व्होल्ट दुसऱ्याच्या दोन टोकांच्या वायरींना द्या, मधली वायर इन्शुलेट करून सोडून द्या. ते वाइंडिंग २४ व्होल्टचे असल्याने पलीकडे २३० ऐवजी त्याच्या निम्मे, नुकसान धरून ९५ ते १०० व्होल्ट एसी मिळतात. कोअर निम्म्यावर चालत असल्याने गुणगुणही कमी. सरळ १२ ला १२ जोडण्याची जी युक्ती सर्वत्र सांगतात, तिच्यात अडीचशेच्या वर डीसी होतो, आणि या बफरला त्याची काही गरज नाही.

चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, मग ४७ मायक्रोफॅरड २५० व्होल्ट, मग २.२ के १ वॉट, मग पुन्हा ४७ मायक्रोफॅरड. शेवटच्या कंडेन्सरवर १५० के अर्ध्या वॉटचा ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्स) कायमचा डाखून टाका. दोन्ही बाजू चालू असताना इथे सुमारे १२० व्होल्ट मिळतील, ११५ ते १३० काहीही चालेल. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दीडशेच्या वर दिसेल. म्हणून २५० व्होल्टचा कंडेन्सर, १६० चा नको.

हीटर पहिल्याच ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टवर, ४ आणि ५ या पिनांना. पिन ९ मोकळी. १२.६ ऐवजी १२ मिळाले तर बिघडत नाही. हीटरच्या दोन्ही वायरींपासून ग्राउंडला एकेक २२० ओहम अर्धा वॉट लावा, हमचा (मेन्सच्या गुणगुणीचा) मोठा भाग त्यानेच जातो. वायरी पीळ देऊन पत्र्याच्या कोपऱ्यातून न्या.

आता एका बाजूचे सर्किट. प्लेट (पिन १) थेट १२० व्होल्टला. कॅथोडपासून (पिन ३) ३३० ओहम, त्याच्या खाली १० के १ वॉट ग्राउंडला. ग्रिडपासून (पिन २) १ मेगओहम या ३३० आणि १० के च्या सांध्याला, ग्राउंडला नव्हे. इनपुट ०.१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टच्या पॉलिएस्टरमधून, ग्रिडला लागून १ के. आउटपुट कॅथोडवरून २.२ मायक्रोफॅरड २५० व्होल्ट फिल्म कंडेन्सरमधून, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला ४७० के ग्राउंडला. दुसरी बाजू ६, ७, ८ या पिनांवर तशीच.

इनपुट कंडेन्सरमध्ये कंजुषी करू नका. सांध्यावर ४० व्होल्ट असतात. कंडेन्सर गळका निघाला तर ते तुमच्या मोबाइलच्या जॅकमध्ये जातील.

पहिल्यांदा सुरू करताना व्हॉल्व्ह न घालता हीटरचे १२ आणि प्लेटचे डीसी मोजा. बंद करा, दीड मिनिट थांबा, कंडेन्सरवर १० व्होल्टच्या खाली आल्याचे मीटरवर पाहा, मगच व्हॉल्व्ह घाला. ब्लीडर तुटलेला असू शकतो, म्हणून मोजल्याशिवाय हात नाही. चालू असताना मोजायचे तर काळी क्लिप आधीच ग्राउंडला अडकवून एकाच हाताने मोजा. कॅथोडवर ४० ते ४५ व्होल्ट दिसले, म्हणजे ४ मिलीअँपिअर वाहत आहेत. शून्य दिसले तर हीटर पेटला नाही किंवा प्लेटची वायर सुटली. शंभरच्या वर दिसले तर १० के उघडा पडला आहे किंवा व्हॉल्व्ह आतून शॉर्ट आहे. पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्ट बाजूला, फेजमध्ये, २५० मिलीअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज विसरू नका.

सुरू केल्यावर कॅथोड शून्यावरून चाळीसवर चढतो, तो धक्का कंडेन्सरमधून पुढे जातो. हेडफोन अर्ध्या मिनिटानंतर लावा, आणि बंद करण्याआधी काढा.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. कॅथोड फॉलोअरमध्ये भरपूर फीडबॅक असतो, तो रंग फारसा चढवत नाही. ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणून जे ऐकू येते, ते बऱ्याचदा कमी व्होल्टवर उपाशी चालणाऱ्या किटचे डिस्टॉर्शन असते. ते कोणाला आवडले तर वावगे काही नाही.

प्रश्न : आजोबांच्या रेडिओतले ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ आणि ईझेड ८० हे व्हॉल्व्ह आहेत. काहींवर ‘बेल’ असे छापले आहे. यांचा बफर होईल का? (सातारा)

‘बेल’ म्हणजे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. रेडिओचे व्हॉल्व्ह तिथे बनत आणि चांगले असत. पण तुमच्या संचात बफरजोगा एकही नाही. ईसीएच ८१ फ्रीक्वेन्सी बदलणारा, ईबीएफ ८९ आयएफचा (रेडिओच्या मधल्या फ्रीक्वेन्सीचा), ईझेड ८० रेक्टिफायर. ईएल ८४ स्पीकरसाठी आहे, त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. आमचा सल्ला विचाराल तर रेडिओ दुरुस्त करून घ्या, त्यातून व्हॉल्व्ह काढू नका.

प्रश्न : किटमध्ये ६एन३ आहे. त्या जागी ईसीसी ८८ घालू का? बेसमध्ये बसतो. आणि किटचा व्हॉल्व्ह निळा उजळतो, ते बरोबर आहे का? (नाशिक)

घालू नका. नऊ पिनांचा बेस सारखा दिसला तरी ६एन३ चा हीटर १ आणि ९ वर आहे, ईसीसी ८८ चा ४ आणि ५ वर. ६एन३ च्या जागी अमेरिकन ५६७० चालतो. तसेच ईसीसी ८२ साठी ४-५ वर १२.६ व्होल्ट आणणाऱ्या बेसमध्ये ईसीसी ८८ घातला तर त्याचा ६.३ व्होल्टचा हीटर काही क्षणांत जातो. ईसीसी ८१, ८२, ८३ यांच्या पिना एकच आहेत. मात्र ८३ चा करंट एखादाच मिलीअँपिअर, बफरला तो कुचकामी.

निळा उजेड बेसखाली लावलेल्या एलईडीचा. हीटरचा उजेड मंद नारिंगी असतो आणि दिवसा जेमतेम दिसतो. एलईडी काढून टाकला तरी आवाजात काही बदलणार नाही. आणखी एक : यातल्या पुष्कळ किटना १२ व्होल्ट एसी लागतो. डीसी अडॅप्टर लावला तर व्होल्टेज दुप्पट करणारा भाग कामच करत नाही. एलईडी लागतो, व्हॉल्व्ह तापतो, आवाज मात्र दबका येतो.

प्रश्न : १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर ७८१२ आणि ७९१२ (धन आणि ऋण १२ व्होल्टचे रेग्युलेटर) लावले. ७९१२ दर वेळी उडतो. (जळगाव)

दोन्हींच्या पिना सारख्या धरल्या असणार. छापील बाजू समोर ठेवून ७८१२ ची ओळ : इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ ची : ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पाठीचा पत्राही वेगळा, ७८१२ चा ग्राउंड आणि ७९१२ चा इनपुट. दोघे एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय आवळले तर ऋण सप्लाय सरळ ग्राउंडला जातो. फिल्टरला १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे घ्या. भार कमी असताना २० व्होल्टपर्यंत चढते, २५ चे काठावर राहतात.

प्रश्न : अँपमध्ये सतत हम आहे. अर्थिंगची पिन काढली की कमी होतो. तशीच ठेवू का? (सोलापूर)

नाही. धातूच्या डबीला आणि मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला अर्थिंग हवेच. आधी घरचे अर्थिंग खरे आहे का ते पाहा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतात. पंचवीस-पन्नास दिसले तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे, आणि जुन्या वाड्यांत हे नेहमीचे. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हम कोणता तेही ऐका. जाड, खोल असेल तर ५० हर्ट्झ : ग्राउंडचा फेरा किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र. थोडा चिरका, भुंग्यासारखा असेल तर १०० हर्ट्झ : फिल्टर अपुरा. पहिल्यासाठी इनपुट जॅक, पॉट, आयसी आणि आउटपुट जॅक यांची ग्राउंडे फिल्टर कंडेन्सरजवळच्या एकाच बिंदूला आणा आणि डबीला त्या बिंदूपासून एकाच ठिकाणी जोडा. ट्रान्सफॉर्मर पक्का करण्याआधी हातभर वायरीवर ठेवून फिरवून पाहा, नव्वद अंशांत हम निम्मा होतो. पॉटच्या धातूच्या अंगाला ग्राउंडची वायर डाखली नसेल तर नॉबला बोट लावले की हम बदलतो. तो दोष पाच मिनिटांचा.

प्रश्न : पावसाळा लागला की माझ्या व्हॉल्व्ह बफरमध्ये तडतड सुरू होते, नोव्हेंबरात आपोआप थांबते. (मडगाव)

ग्रिडकडचा १ मेगओहम आणि फळीवर राहिलेला फ्लक्स. फ्लक्समधली राळ दमट हवेत ओल धरते, एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सच्या शेजारून करंट झिरपू लागतो. व्हॉल्व्ह काढा, कंडेन्सर रिकामा झाल्याचे मोजा, फळीची मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने स्वच्छ करा, पंख्याखाली दोन तास वाळवा. बेसच्या पिनांनाही तेच लावून व्हॉल्व्ह चार-पाच वेळा आत-बाहेर करा. एवढ्यावर थांबले नाही तर चालू असताना लाकडी पेन्सिलीने एकेक सांधा हलके ठोका. जिथे तडतड वाढेल तिथे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) आहे. बंद करून, मोजून, तिथला जुना सोल्डर पूर्ण ओढून घ्या आणि ६०/४० चा नवा भरा. जुन्यावर नुसती गन टेकवली तर पुढच्या जूनमध्ये हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.